जाळं तिरकं केल्यावर

आधी रस असतो, बाकी काही नाही. ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं, आणि दोन्ही इतके तापलेले की यातला मी कोणता, हे त्यांचं त्यांनाही सांगता येऊ नये. मग उष्णता हळूहळू उतरते. भट्टीच्या पोटात, जिथे कुणाचा डोळा पोचत नाही, तिथे कुठल्याशा एका जागी अणूंचा एक पुंजका ठरवतो, आता बस.

(ठरवतो हे क्रियापद चूक आहे. बरोबर कोणतं, ते मला अजून सापडलेलं नाही.)

पुंजका घट्ट होतो. शेजारचे येऊन त्याला चिकटतात. खरं तर आता त्याने चेंडूसारखं गोल वाढावं. वाढत नाही. कुठेतरी जरासा फुगवटा येतो. फुगवट्याचं टोक पुढच्या ताज्या, थंड रसात घुसतं. घुसलं म्हणून जास्त वेगाने वाढतं, वाढलं म्हणून आणखी पुढे घुसतं. ज्याचं थोडं पुढे, त्याचं आणखी पुढे. एका बीपासून सहा दिशांना सहा खोडं. खोडांना काटकोनात फांद्या. फांद्यांना डहाळ्या. डहाळ्यांनाही पुढे काहीतरी फुटतं, त्याला आमच्याकडे नाव नाही.

पुस्तकात याला डेंड्राइट म्हणतात. आम्ही झाड म्हणतो.

मग फांद्यांमधला उरलासुरला रसही गोठतो, सगळं एकजीव होतं, आणि बाहेर येतं एक चकचकीत ढेकूळ. झाड त्यात असतं. पूर्ण असतं. दिसत मात्र अजिबात नाही.

आत्या

दिसत नाही, हे आत्याचं जुनं दुखणं.

माझी आत्या आमच्या प्रयोगशाळेत भट्टीप्रमुख. ती खालच्या मजल्यावर, मी वरच्या मजल्यावर संगणकांच्या खोलीत. मी इथे लागले तेव्हा वशिल्याची कुजबुज झाली होती. मग लोकांनी जिन्यात आम्हा दोघींची भांडणं ऐकली आणि कुजबुज आपोआप थांबली.

आत्याने आयुष्यभर धातू वितळवले, ओतले, कापले, घासले, भिंगाखाली धरले. पण झाड पसरतं सगळीकडे, आणि करवत जाते एकाच पातळीतून. कुठूनही कापा, फांद्या आडव्या छाटल्या जातात आणि दिसतात नुसते ठिपके. एखाद्या रानातून डोळे मिटून करवत फिरवावी आणि मग बुंध्यांच्या गोल चकत्या दाखवून म्हणावं, हे बघा रान, तसं.

"जन्मभर ठिपके बघितले, ठके," ती मला म्हणाली. ठकी हे माझं घरातलं नाव. प्रयोगशाळेत ती रागावली की मला मॅडम म्हणते. "एकदा अख्खं झाड बघायचंय. बीपासून शेंड्यापर्यंत. मग खुशाल मला घरी बसवा."

घरी बसवणारच होते. तिची निवृत्ती आली होती, आणि तिच्याबरोबर तिची भट्टीही निघणार होती. त्या जागी दुसरं काहीतरी येणार होतं, ज्याला धूर नाही आणि आवाज नाही. तेव्हा आत्याने शेवटची भट्टी लावली. एकच बी पडावं म्हणून काय काय केलं, आणि मग इतकं सावकाश थंड केलं की भट्टीच्या खोलीत येणारी माणसं कुजबुजत बोलायला लागली, घरात कुणी झोपलेलं असल्यासारखी. भिंतींना चारही बाजूंनी तापमान टिपणाऱ्या तारा लावलेल्या होत्या. शेवटी ढेकूळ बाहेर आलं. ओंजळीत जेमतेम मावेल एवढं.

त्यानंतर लगेच भट्टीच्या विटा काढायला सुरुवात झाली. म्हणजे दुसरं ढेकूळ होणार नव्हतं. क्ष-किरणांच्या यंत्राखाली हे ठेवून पाहिलं, तर पडद्यावर नुसता राखाडी ढग.

छेद एकच. तो नेमका बीमधून आणि सहापैकी चार खोडं पसरलीत त्याच पातळीतून गेला, तर झाड. जरा तिरका गेला, तर पुन्हा ठिपके, आणि हे शेवटचे.

ती पातळी कोणती, हे मी सांगायचं होतं.

खण

माझं काम काय ते ऐकताना लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात. संगणकात एक डबा असतो. डब्यात जाळं, जाळ्यात बारीक बारीक खण. प्रत्येक खणात एक आकडा. शून्य म्हणजे रस, एक म्हणजे घट्ट, मधलं काही असेल तर ती सीमा. प्रत्येक खण फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे बघतो. तू किती गरम? तुझ्यात तांबं किती? तू घट्ट झालास का? आणि त्याप्रमाणे स्वतःला किंचित बदलतो. मग पुन्हा बघतो.

संपलं. एवढंच.

मी लिहिलेल्या सगळ्या सूचनांमध्ये फांदी हा शब्द कुठेही नाही. झाड नाही, खोड नाही, पुढे जा असंसुद्धा नाही. तरी पहिल्यांदा पडद्यावर फांदी फुटली तेव्हा मी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. का उभी राहिले ते माहीत नाही. कुणी मोठं माणूस खोलीत आलं की आपण उठतो ना, तसं झालं.

आणखी एक गोष्ट. गणित अगदी स्वच्छ ठेवलं, तर खोडं वाढतात, पण काठीसारखी उघडी. डहाळ्या येत नाहीत. प्रत्येक खणात बारीकशी थरथर मुद्दाम घालावी लागते, खऱ्या रसात अणू थरथरतात तशी. ती घातली की खोडाच्या अंगाला शहारा आल्यासारखं होतं, आणि त्या शहाऱ्याच्या डहाळ्या होतात.

हे आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्या घरासारखंच. कुरबुर नाही तर वाढ नाही."

आता उलटा प्रवास. रस घट्ट होताना उष्णता सोडतो. झाडाचं टोक ज्या भिंतीजवळ आधी पोचतं, तिथल्या तारेला ती आधी कळते. मी संगणकात झाडं लावत गेले. बी इथे ठेवून, तिथे ठेवून, असं वळवून, तसं वळवून. कोणत्या झाडाची ऊब आत्याच्या तारांनी टिपलेल्या उबेशी जुळते ते बघत गेले. आंधळी कोशिंबीरच ती. हात लागेल त्याला पकडायचं आणि नाव सांगायचं.

एक झाड जुळलं. बी मध्यापासून जरा खाली, आणि खोडं डब्याच्या भिंतींना समांतर, ताठ, शिस्तीत.

मी ढेकळावर मार्करने रेघ मारली. आत्याने त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"इतकं सरळ?"

"इतकं सरळ."

"गुणाची गं बाई," ती म्हणाली. मला की झाडाला, मी विचारलं नाही.

चित्र सरळ करताना

निरोपाच्या दिवशी आधी छेद, मग चहा आणि भाषणं, असं ठरलं होतं. सकाळी मी भिंतीवर दाखवायला झाडाचं मोठं चित्र तयार करत होते. चित्र असलं की ते जरा फिरवून सरळ करावं लागतं. मी फिरवायला गेले. फिरवावं लागेना. ते आधीच सरळ होतं.

मी पेल्यातलं पाणी प्यायले. पुन्हा बघितलं.

रसाच्या पोटात बी पडतं ते कसंही पडतं. फाशासारखं. त्याला माझ्या डब्याच्या भिंती कुठे आहेत हे ठाऊक असण्याचं कारण नाही. मग ते भिंतींना समांतर कसं उभं राहिलं?

एक छोटा डबा घेतला. त्यात बी मुद्दाम वाकडं ठेवलं आणि वाढू दिलं. खोडं वाकडी निघाली. मग हळूच, कुणी बघत नाही असं पाहून, वळली आणि जाळ्याच्या उभ्याआडव्या रेघांना लागली. खिडकीच्या गजांवर वेल चढावा तशी.

मग जाळंच तिरकं केलं. झाड जाळ्याबरोबर तिरकं झालं.

मी ज्याला स्फटिक म्हणत होते ते माझं जाळं होतं. खण चौकोनी म्हणून झाड चौकोनी. मी भिंतीशी बोलत होते आणि भिंत माझ्याच आवाजात उत्तर देत होती. आणि सगळ्यात कमी न जुळणाऱ्या झाडाला मी जुळलं म्हणून मोकळी झाले होते. ही चूक आमच्या धंद्यात नवी नाही. नवशिक्यांना आम्ही पहिल्या आठवड्यात तीच टाळायला शिकवतो. मीच शिकवते.

खाली ढेकूळ करवतीच्या चिमट्यात बसलं होतं.

जिना

"थांब! थांब, बटण दाबू नकोस!"

"दाबलं नाहीये. तार ओली करतोय. माझ्याकडे घाईने काही होत नाही, तुम्हाला माहितीये." हा करवतीवरचा माणूस. त्याची करवत म्हणजे केसाएवढी बारीक तार. ती धातूतून दिवसभर सरपटत जाते, म्हणून सगळे त्याला कासव म्हणतात, आणि तोही स्वतःला तेच म्हणतो.

"काय झालं गं? धावत का आलीस?" आत्या ठेवणीतले कपडे घालून उभी होती.

"आत्या, रेघ चुकीची आहे."

"किती चुकीची?"

"माहीत नाही. पूर्णसुद्धा असेल."

"पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे ते झाड आतल्या झाडाचं नव्हतं. माझ्या जाळ्याचं होतं."

आत्याने चिमट्यातल्या ढेकळाकडे बघितलं.

"आत्या?"

"वर लोक जमलेत, मॅडम."

मॅडम. मी जिन्याच्या कठड्याला धरलं.

"मी त्यांना सांगते. माझी चूक आहे, मी सांगते."

"तू काही सांगणार नाहीस. तोंड बघ तुझं, कुणी गेल्यासारखं. कासवा, काढ ते चिमट्यातून. दे इकडे."

"टेबलावर ठेवू का, मॅडम?" कासवाने आत्याला विचारलं.

"म्हटलं ना, दे इकडे."

निरोप समारंभ, तीन जाळी

त्या दिवसापासून मला एक खोड लागली आहे. कुठलीही गोष्ट एकाच बाजूने ऐकली की ती मला खरी वाटत नाही. समारंभाला मी गेले नाही, म्हणून तोही तिघांकडून ऐकला.

*आत्याचं जाळं.* समारंभ छान झाला. संचालक बरं बोलले. दोनदा माझ्याऐवजी दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं, पण मनापासून घेतलं. फुलं मिळाली. छेद का नाही, असं कुणी विचारलं, तर मी म्हटलं, ढेकूळ अजून बोलायच्या मूडमध्ये नाही. ढेकूळ माझ्या मांडीवर होतं. भाषण करतानाही हातातच होतं, माइक दुसऱ्या हातात.

*आतोबांचं जाळं.* (आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. दातांचे डॉक्टर.) "अगं, लोकांना वाटलं ढेकूळ हीच निरोपाची भेट! एकजण म्हणाला, वहिनी, जड आहे, पिशवी देऊ का? हिने अशी नजर टाकली की तो चहा न पिताच गेला. आणि तू गं? एक्स-रेत काही दिसत नसताना दात उपटायला निघाली होतीस? आमच्या दवाखान्यात असं केलं असतं तर पेशंटनेच मला उपटला असता. नाचता येईना अंगण वाकडं, असं ऐकलं होतं. तुझं अंगण सरळ होतं, तरी पडलीस!"

*कासवाचं जाळं.* "मॅडम रडतील असं वाटलं होतं. नाही रडल्या. सगळ्यांशी हसून बोलल्या. केक कापायला सांगितला, तर म्हणाल्या, एका हाताने कापते. दुसऱ्या हातात ते होतं. खाली ठेवलंच नाही त्यांनी."

तिन्ही जाळ्यांमध्ये काय काय वेगळं आहे ते सोडून द्या. जे तिन्हींत सारखं उरतं ते खरं. तिने ढेकूळ खाली ठेवलं नाही.

पुन्हा

झाडाचंही असंच करायचं होतं. एक जाळं स्वतःची दिशा लादतं, तर पुष्कळ जाळी घ्यायची, प्रत्येक वेगळ्या बाजूला कललेलं, कुणाचंही कुणाशी पटू नये असं. खणही आधीपेक्षा बारीक. प्रत्येकात तीच झाडं पुन्हा लावायची. जे एका जाळ्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, ते जाळ्याचं. जे सगळ्यांत उरतं, ते झाडाचं.

संगणकांची खोली गरम झाली. पंखे एका सुरात ओरडायला लागले. निवृत्त झालेली आत्या रोज येऊन माझ्या मागे बसायची आणि पेरू खाल्ल्यासारखी कचाकचा सफरचंद खायची.

"कामाला नसलेल्या माणसाला इथे यायला परवानगी नाही," मी म्हणायचे.

"मी कामाला नाही, मी नातेवाईक आहे."

पडद्यावर धुकं होतं. एकेका जाळ्याचं झाड त्याच्यावर पडत होतं. सुरुवातीला नुसता गोंधळ, कुणाची फांदी कुणाच्या डोळ्यात. मग काही भाग फिके व्हायला लागले. उभे ताठ भाग, आडवे ताठ भाग, जाळ्यांचे हट्ट, एकमेकांना खोडत गेले. आणि धुक्याच्या मधोमध काहीतरी गडद होत राहिलं. मी काढलं नव्हतं ते. एकाही जाळ्याने एकट्याने काढलं नव्हतं. प्रत्येकाला ते थोडं थोडं माहीत होतं.

आत्याचं कचाकचा थांबलं.

झाड कललेलं होतं. कुठल्याच भिंतीला समांतर नव्हतं. भट्टीच्या दाराकडे झुकलेलं, एका अंगावर रेललेलं, गप्पा मारायला बसलेल्या माणसासारखं.

"हे चूक आहे," आत्या म्हणाली.

"का?"

"दाराकडे? दाराकडची बाजू गरम असते. मागची भिंत थंड. मी त्या भट्टीपाशी केस पांढरे केलेत, तू मला सांगतेस? झाड थंडीकडे जातं. मागे झुकलं पाहिजे."

"थंडीकडे त्याच्या फांद्या जास्त लांब जातील, आत्या. पण ते कुठे तोंड करून बसलंय ते बी पडताना ठरलं. बी कसं पडावं हे भिंत नाही सांगत."

"कशावरून?"

"तुझ्याच तारांवरून."

मग आम्ही भांडलो. जिन्यातल्या जुन्या भांडणांच्या तोडीचं. तिने मला उंटावरची शहाणी म्हटलं. मी म्हटलं, उंट तरी आहे माझ्याकडे, तुझी भट्टी तर मोडली. म्हटलं आणि लगेच जीभ चावली. तिने सफरचंदाचा गाभा कागदात नीट गुंडाळला.

"किती खात्री आहे?" तिने विचारलं.

"पूर्ण नाही."

"रेघ मारलीस तेव्हा किती होती?"

"पूर्ण."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे. छेद माझ्या म्हणण्याप्रमाणे घेतला आणि ठिपके निघाले, तर तिला आयुष्यात कधीच झाड दिसणार नव्हतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे घेतला आणि ठिपके निघाले, तरी तेच. निदान तेव्हा चूक तिची स्वतःची राहिली असती.

"तुझ्या रेघेने काप," ती म्हणाली. "या वेळी तू घाबरलीयस. ते मला बरं वाटतंय."

छेद

तार दिवसभर चालली. कासव तिच्यापाशी स्टूल टाकून बसला. करवतीच्या पाण्यात राखाडी गाळ उतरत होता. ढेकूळ तिरकं धरलेलं, इतकं तिरकं की येणारा जाणारा म्हणायचा, अहो, ते सटकलंय. कासव सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "ते नाही, तुम्ही सरळ उभे आहात."

दोन अर्धुकं सुटी झाली. कापलेली तोंडं खरखरीत, त्यांच्यावर काही नाही.

मग घासणं. आत्याने कुणाला हात लावू दिला नाही. जाड कागद, बारीक कागद, त्याहून बारीक, मग ओलं मऊ कापड. दर वेळी धुवायचं, वळवायचं, पुन्हा घासायचं. शेवटी आरसा झाला. तिने आत वाकून बघितलं. आतून तीच बघत होती, चष्म्यासकट.

"आरसाच हवा होता तर बाजारातून आणला असता," ती म्हणाली.

हातमोजे घालून तिने द्रावणाची बशी पुढे ओढली. या द्रावणात तांबं जास्त असेल तिथे धातू काळवंडतो, कमी असेल तिथे उजळ राहतो. खोडंफांद्या पहिल्यांदा गोठतात, त्यांच्यात तांबं कमी. मागाहून गोठलेल्या रसात जास्त. म्हणजे झाड असलंच तर ते काळ्यावर पांढरं दिसेल.

एक अर्धुक तिने बशीत सोडलं, तोंड वर करून.

काही झालं नाही.

बारीक बुडबुडे आले. आरशावर श्वास सोडावा तसा धूसरपणा आला. मी आत्याच्या खांद्यामागून बघत होते आणि मला तिच्या मानेची शीर उडताना दिसत होती.

मग धूसरपणाला दिशा आली.

कसं सांगू? काही उमटलं नाही. बाकीचं सगळं मागे सरकलं. काळोख कडेकडेने, फटीफटींतून उतरत गेला आणि ज्याला तो शिवत नव्हता ते तसंच उजळ राहिलं. आधी एक लांब रेघ, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग तिला मधोमध छेदणारी दुसरी. मग त्यांच्या अंगाने दोन्हीकडून फांद्या, एकीमागून एक, दाट, खोडाच्या टोकाशी आखूड आणि मध्यावर लांब. मग फांद्यांना डहाळ्या. काही डहाळ्या लांब गेलेल्या. काही शेजारणीने जागा खाल्ली म्हणून खुरटून राहिलेल्या. मागच्या थंड भिंतीकडच्या फांद्या सगळ्यांत लांब, आत्या म्हणाली होती तशा. दोन फांद्या समोरासमोर आल्या होत्या आणि एकमेकींना शिवायच्या आधी थांबल्या होत्या, मध्ये दोरा जाईल एवढी काळी फट ठेवून.

ठिपके कुठेच नव्हते.

मी चित्राचा कागद हातात घेऊन आले होते. तो पडताळून बघायचा असतो. मी तो उघडलाच नाही. हे झाड वाढत होतं तेव्हा मी घरी भांडी घासत असेन, नाहीतर दुकानात रांगेत उभी असेन. कुणी बघत नव्हतं. काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं. प्रत्येक अणू फक्त शेजाऱ्याला विचारत होता. आणि वर, माझ्या खोलीत, आकडे फक्त शेजारच्या आकड्यांना विचारत होते. दोघांची कधी भेट नाही, ओळख नाही. आणि दोघेही इथे येऊन पोचले होते. या वेळी मी आधीच उभी होते, त्यामुळे उठून उभं राहण्याचीही सोय नव्हती.

आत्याने चष्मा काढला, बाहीला पुसला, पुन्हा लावला.

"दार," ती म्हणाली. "दाराकडेच बसलं होतं ते. मी रोज त्या दारातून आत बघायचे."

कासव कुठेतरी जाऊन आला, आणि नाक शिंकरून म्हणाला, "दुसरंही बुडवा ना, मॅडम."

दुसरं बुडवलं. त्यातही तेच आलं, उलट्या अंगाने, आरशातल्यासारखं.

मी भिंग घेतलं. एका अर्धुकावरचं खोड मोजलं, मग दुसऱ्यावरचं. पुन्हा मोजलं. आत्याला माझा चेहरा दिसला असावा.

"आता काय? आता पुन्हा माझ्या तोंडचं काढू नकोस हां."

"नाही गं. दोन्ही सारखी आहेत."

"मग? असणारच. एकाच झाडाची आहेत."

"अगदी सारखी आहेत, आत्या. छेद बीच्या अलीकडून गेला असता, तर एकीकडे खोड जाड आणि दुसरीकडे बारीक निघालं असतं. पलीकडून गेला असता तर उलट. तो मधून गेलाय. बरोबर मधून."

"बरोबर म्हणजे..."

"तारेच्या जाडीत."

तिला कळायला वेळ लागला नाही. तिने आधी एका तोंडाच्या मध्यावर बघितलं, जिथे चारही खोडं एकमेकांना मिळत होती. मग दुसऱ्या. मग करवतीकडे. करवतीच्या बशीतलं पाणी कासवाने केव्हाच ओतून टाकलं होतं, बशी धुऊन उपडी घातली होती.

"म्हणजे बी..."

"गेलं. गाळ होऊन पाण्यात. ना यात, ना त्यात. मी थोडी जरी चुकले असते, तर ते कुठल्यातरी एका बाजूला राहिलं असतं."

कासव बशीकडे बघून म्हणाला, "मला कुणी सांगायचं तरी!"

आत्याच्या पोटातून हसू आलं, इतकं की तिला स्टुलावर बसावं लागलं. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हातमोज्यांमुळे तिला ते पुसता येईना. "जन्मभर चुकीचं कापलं," ती म्हणाली, "आणि एकदा बरोबर कापलं, तर हे!"

मी तिचे डोळे पुसले. तिने अर्धुकं पाण्याखाली धुतली, कोरडी केली. मग हातमोजे काढले आणि दोन्ही तोंडं समोरासमोर आणली. मला वाटलं, ती मिटणार, पुस्तक मिटावं तशी. तिने मिटली नाहीत. एका केसाएवढं अंतर ठेवलं, जेवढी तार होती तेवढंच. हात इतके स्थिर की जसे काही चिमट्यात धरलेत. दोन्ही अर्धुकं तिने खिडकीसमोर उचलली, एक डोळा मिटला, आणि दुसऱ्याने त्या फटीत बघायला लागली.

"काही दिसतंय का, मॅडम?" कासवाने विचारलं.

"गप रे," आत्या म्हणाली. "बघू दे."